इम्प्लॅकेबल: कारंज्याची लूट, बादशहाची सही आणि 'उभा दावा'

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला सवड मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून देतोय. बोलतानाचे 'अं' आणि 'म्हणजे कसं आहे ना' तेवढे काढलेत.

आजचा विषय एक इंग्रजी शब्द आहे. इम्प्लॅकेबल. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात हा भेटतो, इंग्रजी बातम्यांत भेटतो, आणि इतिहासावरच्या इंग्रजी व्हिडिओंमध्ये तर फार भेटतो. अर्थ म्हणून लोक 'कट्टर' असं पाठ करतात आणि पुढं जातात. मला वाटतं त्या पाठांतरात शब्दाचा जीवच निघून जातो. म्हणून आज तो नीट उघडून बघू, आणि मग त्याला घेऊन आमच्या गावाला जाऊ. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा लाड, साल १६७०.

आधी शब्द. उच्चार करताना जोर 'प्लॅ'वर द्यायचा. मूळ लॅटिन आहे. 'प्लाकारे' म्हणजे शांत करणं, समजूत काढणं. त्यातूनच इंग्रजीत 'प्लॅकेट' आलं, म्हणजे मनधरणी करणं. औषधाच्या जागी देतात ती खोटी गोळी, प्लासिबो, तीसुद्धा या शब्दाची चुलत बहीण. सुरुवातीचं 'इम्' नकाराचं, शेवटचं 'एबल' शक्यतेचं. जोडून वाचा: ज्याची समजूत काढताच येत नाही असा.

आता यातली गंमत बघा. हा शब्द राग किती आहे ते सांगतच नाही. राग कशानं तरी संपेल का, एवढंच सांगतो. एखादा माणूस सकाळी भांडी आपटेल, घर डोक्यावर घेईल आणि संध्याकाळी चहाच्या कपावर शांत होईल. तो इम्प्लॅकेबल नाही. दुसरा कधीच आवाज चढवत नाही, लग्नात भेटला तर हसून नमस्कार करतो, पण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सोडत नाही. तो आहे. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ च्या कादंबरीत डार्सीच्या स्वभावाची चर्चा चालते तेव्हा हा शब्द येतो, आणि डार्सी काही आरडाओरडा करणारा गडी नाही. मनातून उतरलेला माणूस त्याच्या मनात पुन्हा चढत नाही, एवढंच.

वापरायचा कसा? शत्रू, वैर, विरोध अशा शब्दांआधी तो शोभतो. समुद्र, काळ, असाध्य आजार यांच्यासाठीही वापरतात, कारण त्यांच्यापुढंही विनवण्या चालत नाहीत. मॅनेजरनं शुक्रवारची सुट्टी नाकारली म्हणून त्याला इम्प्लॅकेबल म्हणू नका. सोमवारी तोच देईल. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर इम्प्लॅकेबल म्हणजे एक्झिट कंडिशन नसलेला लूप. आत काहीही इनपुट द्या, तो फिरतच राहणार.

मराठीत याला काय म्हणायचं? साप-मुंगसाचं वैर, छत्तीसचा आकडा, विळ्याभोपळ्याचं सख्य, हाडवैर. यातलं हाडवैर सगळ्यात जवळ येतं, मांसाच्याही आत, हाडापर्यंत गेलेलं. पण मला जास्त आवडतो तो 'उभा दावा'. अमक्याचा तमक्याशी उभा दावा आहे, असं आपण सहज म्हणतो. आता 'दावा' हा शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडं आला, आणि त्याचा पहिला अर्थ आहे हक्क सांगणं. कोर्टात आपण दावा लावतो तो हाच. मराठीनं एकाच शब्दात खटला आणि वैर दोन्ही बसवलं. म्हणजे इंग्रजी शब्द वैऱ्याच्या स्वभावाबद्दल बोलतो, आणि आपला शब्द विचारतो की बाबा, तुझं मागणं काय आहे?

आमच्याकडं वऱ्हाडात शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरून न भांडलेलं घराणं वऱ्हाडात सापडलं तर मला कळवा. आमच्याच नात्यात दोन घरांचा धुऱ्याचा दावा इतकी वर्षं चालला की दोन्हीकडची पोरं एका शाळेत असून एका बाकावर बसत नव्हती. 'हे काही मिटनार नाही गा' असं सगळं गाव म्हणायचं. पुढं एका घरानं जमीनच विकली आणि विषय संपला. दोन वर्षांत दोन्ही घरं एकमेकांच्या तेरवीला जेवत होती. म्हणून कुणी 'न मिटणारं वैर' म्हटलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो: मिटवायला कुणी काय देऊ केलं होतं? समोरच्यानं काय मागितलं होतं?

हाच प्रश्न मराठे आणि मुघलांना विचारू.

१६७० चं कारंजा म्हणजे मुघलांच्या वऱ्हाड सुभ्यातली श्रीमंत पेठ. तटबंदी, वेशी, सावकार, कापडाचा आणि सोन्याचांदीचा व्यापार. कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा कारंज्यात आजही सांगतात: एका व्यापाऱ्यानं उंटांवरून आलेली सगळी कस्तुरी विकत घेतली आणि हवेलीच्या बांधकामाच्या चुन्यात कालवली. खरं-खोटं सोडा, अशी दंतकथा गरीब गावाला सुचत नाही.

त्या वर्षी ३ ऑक्टोबरला महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. परतताना १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या फौजेशी लढाई झाली, ती मराठ्यांनी जिंकली. आणि वर्ष संपायच्या आत मराठी फौज बागलाण-खानदेश ओलांडून थेट वऱ्हाडात, कारंज्यावर आली. इतक्या पूर्वेला मराठे येतील असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. प्रतिकार झालाच नाही. जदुनाथ सरकार यांनी दिलेला आकडा असा: चार हजार बैल आणि गाढवांवर लादलेलं उंची कापड, सोनं, चांदी, एकूण किंमत एक कोटी रुपये. गावातले सगळे धनिक खंडणीसाठी धरून नेले. सगळ्यात मोठा सावकार तेवढा निसटला, बाईचे कपडे घालून. महाराजांच्या फौजेत बायकांना हात लावायची बंदी होती, हे त्याला पक्कं माहीत असणार. शत्रूच्या शिस्तीवर एवढा भरवसा ठेवून जीव वाचवणारा माणूस मला या सगळ्या गोष्टीत फार आवडतो.

आम्हा कारंजेकरांची इथं जरा पंचाईत होते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत आम्ही नाचतो आणि लुटलेली पेठही आमचीच. शाळेत सुरतेची लूट शिकवताना गुरुजी कारंज्याचं नाव घाईनं उरकायचे. मला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नाही. मुघलांचा खजिना जिथून भरतो तिथं घाव घालायचा, हे त्या लढाईचं गणित होतं.

पण लुटीपेक्षा पुढची गोष्ट महत्त्वाची. कारंज्याच्या आसपासच्या गावांकडून मराठ्यांनी लेखी कबुली घेतली, की इथून पुढं महसुलाचा चौथा हिस्सा आम्ही तुम्हाला देऊ. नंदुरबारकडूनही तशीच घेतली. हीच ती चौथाई. आता सांगा, ज्याची समजूतच निघत नाही असा शत्रू कागद लिहून घेतो का? कागद म्हणजे अट. एवढं द्या, मग आमचे घोडे इकडं येणार नाहीत.

आणखी थोडं मागं जा, चित्र अजून बदलतं. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. मिर्झाराजे जयसिंगांसमोर महाराजांनी २३ किल्ले सोडले, १२ स्वतःकडं ठेवले, आणि आठ वर्षांच्या संभाजीराजांच्या नावानं पाच हजारी मनसब घेतली. १६६६ ला आग्रा, नजरकैद, सुटका. एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल की आता संपलं, आता फक्त तलवार. तसं झालं नाही. १६६७-६८ मध्ये शहजादा मुअज्जमच्या मध्यस्थीनं पुन्हा समेट झाला. बादशहानं महाराजांचा 'राजा' हा किताब मान्य केला, संभाजीराजांची पाच हजारी मनसब परत दिली, आणि त्या मनसबीच्या खर्चासाठी जहागीर दिली. कुठं? वऱ्हाडात!

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोबाइल बाजूला ठेवून दोन मिनिटं गप्प बसलो होतो. ज्या वऱ्हाडावर १६७० मध्ये फौज आली, त्याच वऱ्हाडात दोन वर्षांपूर्वी मुघल बादशहाच्या सहीनं भोसल्यांची जहागीर होती. प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी मराठी पथक घेऊन औरंगाबादला शहजाद्याच्या छावणीत होते. मग बिघडलं कशानं? कारणं बरीच आहेत. १६६९ मध्ये काशीचं विश्वेश्वराचं देऊळ पाडलं गेलं, औरंगाबादेतल्या मराठी सरदारांना पकडायचा बेत शिजल्याची कुणकुण लागली. आणि एक कारण अगदी हिशेबाच्या वहीतलं आहे. आग्र्याच्या प्रवासासाठी महाराजांना एक लाख रुपये उचल दिली होती, ती वसूल करायला बादशहानं वऱ्हाडातल्या जहागिरीचा काही भाग जप्त करायला सांगितलं. ज्याला कैद करायला बोलावलं त्याच्याकडून येण्याचा खर्च मागायचा! कंपनी सोडताना लॅपटॉपच्या चार्जरचे पैसे कापून घेणारा एचआर मला इथं आठवतो, पण असो.

मराठी पथक औरंगाबादेहून निघून आलं, १६७० च्या सुरुवातीला युद्ध पेटलं, ४ फेब्रुवारीला तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन सिंहगड घेतला, आणि वर्षाच्या शेवटी कारंजा. त्यामुळं मी कारंज्याच्या लुटीकडं मोडलेल्या कराराची वसुली म्हणूनही बघतो. हे माझं मत आहे, तुम्ही वेगळं मांडू शकता.

मग इम्प्लॅकेबल कुणीच नव्हतं का? होतं, किंवा त्याच्या फार जवळ गेलेलं होतं. १६८१ मध्ये औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि पुन्हा दिल्लीला गेलाच नाही. ३ मार्च १७०७ ला अहमदनगरजवळ मेला. पंचवीस वर्षं. या काळात आदिलशाही बुडाली, कुतुबशाही बुडाली, ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांची हाल करून हत्या झाली. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंनी तेव्हा बोलणी करून बघितली. मुलाला मनसब आणि दक्षिणेतला सरदेशमुखीचा हक्क द्या, आम्ही पथक देऊ आणि काही किल्लेही सोडू, असा तो प्रस्ताव. बादशहानं नाकारला, त्याला सगळे किल्ले हवे होते. एका हक्काच्या कागदावर संपू शकणारी लढाई पुढं सात वर्षं त्याच्या मरणापर्यंत चालली आणि नंतरही राहिली. मराठ्यांनी मागितलं होतं, देणाऱ्याला द्यायचं नव्हतं. शब्द चिकटवायचाच असेल तर इथं, या म्हाताऱ्या बादशहाच्या शेवटच्या वर्षांना चिकटवा.

तिथंही तो पुरता बसत नाही, हे सांगायला हवं. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाई आणि लहानगे शाहू त्याच्या हातात सापडले. त्यानं शाहूंना मारलं नाही. राजा हा किताब दिला, सात हजारी मनसब दिली आणि अठरा वर्षं छावणीत ठेवलं. त्यात दया किती आणि पुढच्या डावासाठी ठेवलेला मोहरा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण मोहरा राखून ठेवणाऱ्याला कुठंतरी आत ठाऊक असतं की एक दिवस बोलणी होणार.

ती झाली १७१९ मध्ये. सय्यद बंधूंच्या मदतीला गेलेले बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आले: स्वराज्याची, आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईची व सरदेशमुखीची. सहा सुभे म्हणजे खानदेश, औरंगाबाद, बेदर, विजापूर, हैदराबाद आणि वऱ्हाड. बदल्यात मराठ्यांनी बादशहाच्या चाकरीला पंधरा हजार घोडदळ ठेवायचं आणि वर्षाला दहा लाखांची पेशकश द्यायची. येसूबाईंची सुटकाही याच वेळी झाली. १६७० मध्ये कारंज्याच्या आसपासच्या घाबरलेल्या गावांनी ज्या चौथाईवर सही केली, त्याच चौथाईवर ४९ वर्षांनी खुद्द दिल्लीच्या दरबाराचा शिक्का बसला. दावा निकाली निघाला म्हणायचा.

आणि पुढचं तर तुम्हाला माहीतच आहे. १७५२ च्या करारानं मुघल गादीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनी घेतली. १७८४ मध्ये पेशव्यांना वकील-इ-मुतलक नेमलं गेलं आणि दिल्लीत तो कारभार महादजी शिंद्यांनी हातात घेतला. १७८८ मध्ये गुलाम कादिरनं शाह आलम बादशहाचे डोळे काढले, तेव्हा त्या गुलाम कादिरला पकडून मारलं ते महादजींच्या माणसांनी. रायगड जिंकणाऱ्या बादशहाच्या आंधळ्या वंशजाला संरक्षण कुणाचं, तर मराठ्यांचं. 'जन्मोजन्मीचे वैरी' असं स्टेटस टाकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा दोन्हीकडून शिव्या खातो.

आता थोडं समुद्रावर जाऊ, कारण या शब्दाच्या नावाचं एक जहाजच होतं. फ्रेंचांची 'द्युग्वे-त्रुआँ' नावाची युद्धनौका १८०५ मध्ये ट्रॅफल्गरच्या लढाईत नेल्सनच्या आरमाराविरुद्ध लढली. तिथून ती निसटली, पण दोन आठवड्यांच्या आत इंग्रजांनी पकडली, आणि तिचं नवं नाव ठेवलं 'इम्प्लॅकेबल'. शत्रूची बोट जिंकायची आणि तिला 'समजूत न निघणारी' म्हणायचं. ही बोट खूप जगली, म्हातारपणी पोरांना प्रशिक्षण द्यायला वापरली. दुरुस्तीचा खर्च परवडेना म्हणून २ डिसेंबर १९४९ ला ब्रिटिशांनी ती समुद्रात नेऊन बुडवली. बुडताना तिच्यावर दोन झेंडे फडकत होते: एक ब्रिटिश आरमाराचा, दुसरा फ्रान्सचा. मधल्या काळात ते दोन देश दोन महायुद्धं एका बाजूनं लढले होते.

परत वऱ्हाडात येऊ, कारण कारंज्याची कथा १७१९ ला थांबत नाही. १७२४ मध्ये आत्ताच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा इथं लढाई जिंकून निजाम दक्षिणेत स्वतंत्र झाला आणि वऱ्हाड नावानं त्याचं झालं. चौथाईचा हक्क मात्र मराठ्यांचा, आणि वऱ्हाडात तो नागपूरकर भोसल्यांकडं आला. मग काय झालं? एकाच मुलखात दोन सरकारं. निजामाचे अंमलदार वेगळे, भोसल्यांचे वेगळे, वसुलीत दोघांचे वाटे, आणि भोसल्यांचा वाटा अर्ध्याहून जास्त. याला दुअंमल म्हणतात. मराठे आणि निजाम पालखेडला लढले १७२८ मध्ये, राक्षसभुवनला १७६३ मध्ये, खर्ड्याला १७९५ मध्ये. मधल्या काळात इथं वऱ्हाडात दोघांचे कारकून त्याच रयतेकडून आपापला वाटा मोजून नेत होते.

रयतेला याचा आनंद होता असं अजिबात समजू नका. वरच्या दोघांचा समेट झाला की खालच्याला दोन ठिकाणी पैसे भरावे लागतात. इतिहासात तहाच्या तारखा असतात, पण त्या तहाचे हप्ते कुणी भरले ते फारसं कुणी लिहीत नाही. 'इम्प्लॅकेबल' हा शब्द कुणाला खरंच शोभत असेल तर तो वसुलीच्या तारखेला, असं तेव्हाच्या एखाद्या कुणब्यानं म्हटलं असतं. पाऊस पडो न पडो, ती यायचीच.

हा दुहेरी कारभार १८०३ पर्यंत टिकला. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला आडगावला वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख, त्यात आमचं कारंजाही, भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडं गेला. १६७० मध्ये लिहून घेतलेल्या त्या चौथ्या हिश्श्याचा कारंज्यातला हिशेब तिथं बंद झाला.

पुढच्या एपिसोडमध्ये कारंज्यातच राहू, पण तलवारी बाजूला ठेवून. १८८६ मध्ये इथं कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. गाडीभर कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला काट्यावर कसं फसवायचे आणि ते थांबवायला काय नियम आले, ते बघू. तोपर्यंत भेटू, काळजी घ्या.